दुमजली विमानांचे शेठजी

आयुष्यात मी विमानावर एकदाच बसलो, आणि तेही घरमालकाच्या.

जंगल खात्यातली माझी नोकरी तेव्हा नवी होती. नवापूरच्या सागवान डेपोवर बदली झाली म्हणून बायको आणि दोन ट्रंका घेऊन मी स्टेशनवर उतरलो आणि कुणीतरी सांगितल्यावरून बाजारातल्या एका मारवाडी शेठजींच्या दारात जाऊन उभा राहिलो. पुढे त्यांचं किराणा दुकान, मागे ते नवरा-बायको, आणि माडीवर दोन खोल्या भाड्याच्या. शेठजींनी बैठकीत बोलावलं. बाहेर उन्हाचा कडाका, त्यामुळे आत आल्यावर सगळा अंधारच. एक गादी दिसली, तिच्यावर स्वच्छ मलमलीचं फडकं पसरलेलं दिसलं. सरकारी माणूस येणार म्हणून अंथरलं असणार, अशी माझी समजूत झाली. शेठजी "बाबूजी, तिथे नाय, तिथे नाय!" म्हणेपर्यंत मी टेकलो होतो. खाली पापडांची चळत मोडावी तसा आवाज झाला.

मी ताडकन उठलो. नोकरीवर हजर व्हायच्या आधीच घर गेलं, हे माझ्या मनात नक्की झालं. पण शेठजी रागावले नाहीत. त्यांनी फडकं काढलं. खाली पुठ्ठ्याचं, बांबूच्या कामट्यांचं, हातभर लांब विमान होतं. म्हणजे मी बसण्यापूर्वी होतं. ते चपटं धूड त्यांनी दोन्ही हातांनी उचलून दाराच्या उजेडात नेलं आणि त्याच्या पोटाला डोळा लावला. मग कोनाड्यातून लोकरीच्या दशांची एक मऊ कुंचली घेतली, आत हलकेच फिरवली, बोटाच्या पेराने टकटक ठोकलं, आणि कान लावून ऐकत राहिले.

"आत कोणी नव्हतं," ते श्वास सोडून म्हणाले. "चांगलं झालं, बाबूजी."

कागदाच्या विमानात कोण असणार? मी बायकोकडे पाहिलं. आपण वेड्याच्या घरात बिऱ्हाड करतोय, हे तिला डोळ्यांनी सांगायचा माझा प्रयत्न होता. ती तापीकाठच्या शेतकऱ्याच्या घरातली, बोलायची ते अहिराणीत आणि बोलायची ते मोजकं. माडीचा जिना चढताना तिने एवढंच म्हटलं, "तुम्ही जठे बठतस, तठे पह्यले हात फिराईसन देखत जा."

शेठजी अंगाने किरकोळ, कानात भिकबाळीएवढं सोनं, आणि चष्म्याची एक काडी मोडून तिथे सुतळी बांधलेली. दुकानात ते इतर कुठल्याही वाण्यासारखेच असत. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की मात्र बैठकीच्या खिडकीशी जाऊन बसत आणि विमानं करत. कापडाच्या ताग्यांच्या पुठ्ठ्यांचं अंग, टोपल्या विणणाऱ्यांकडून आणलेल्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पतंगाचा कागद, चाकांना कोटाची बटणं. सगळी विमानं एकावर एक दोन पंखांची. त्यांना ते 'दुमजली' म्हणत. "बाबूजी, हे दुमजली मकान आहे, पण भाडेकरू एकच," असं म्हणून ते वैमानिकाच्या जागेकडे बोट दाखवत आणि स्वतःच हसत.

सगळी मेख चिकटवण्यात होती. मी मोडलेल्या विमानाची भरपाई म्हणून सुताराकडून उत्तम सरस आणून दिला, तर शेठजी दोन पावलं मागे सरले. "हे हाडाचं, बाबूजी. हे माझ्या उंबऱ्याच्या आत नाय." त्यांचं सगळं काम गव्हाच्या खळीवर चाले. आणि खळ रोज सकाळी ताजी. कालची नाही. दिवस मावळायच्या आत उरलेली खळ राखेत कालवून कोरड्या जागी टाकून द्यायची. कारण शिळ्या खळीत जीव पडतात. बरं, खळ गोड. ती खायला कसर येई, झुरळं येत, उंदीर येत. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागत नाही, हे मी त्यांना मोठ्या हुशारीने सांगितलं.

"कीड लागत नाही म्हणजे काय होतं तिचं?" त्यांनी विचारलं.

"मरते."

"हां," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. त्यावर माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत.

म्हणजे हिशेब असा, की शेठजी खिडकीशी बसून विमानं करत आणि घरातली जीवसृष्टी मागच्या बाजूने ती खाई. एखादा पंख कुरतडलेला सापडला की ते म्हणत, "त्यांना पण पोट आहे," आणि नवा पंख कापायला घेत. शेठाणी आतून म्हणायच्या, "उंदरांना जेवायला रोज नवं ताट वाढतात हो आमचे!"

ही विमानं त्यांच्या डोक्यात शिरली ती रद्दीतून. पुड्या बांधायला मुंबईहून रद्दीचे गठ्ठे येत, त्यात साहेब लोकांची चित्रांची साप्ताहिकं असत. त्यातलं विमानाचं चित्र कुठल्याही पुडीतून जाऊ द्यायचं नाही हा शेठजींचा नियम. एकदा चुकून गेलं. खांडबाऱ्याकडच्या एका पाटलांना हिंगाची पुडी बांधून दिली, आणि पाटलांची गाडी रंगावली नदीच्या उतारावर पोचल्यावर शेठजींना आठवलं की त्या कागदाच्या कोपऱ्यात पंखाचं टोक होतं. भर बाजारातून, अनवाणी, तराजूची दांडी हातात तशीच, ते गाडीमागे धावत सुटले. मी डेपोतून येताना हे दृश्य पाहिलं. दुकानावर दरोडा पडला असं समजून मीही मागे पळालो.

"पाटील, हिंग ठेवा, कागद द्या!"

पाटलांनी बैल थांबवले. "शेठ, डोकं ठिकानावर शे का तुन्हं?"

"डोकं दुकानात आहे. कागद इथे आहे."

हिंग पाटलांच्या उपरण्यात बांधलं गेलं आणि कागद शेठजींच्या हातात आला. आडवी-उभी घडी पडलेलं ते चित्र पुढे मी शेकडो वेळा पाहिलं. आभाळात तीन दुमजली विमानं, शेजारी शेजारी, आणि त्यांच्या पंखांना पंख दोरीने बांधलेले. चित्र काळंपांढरं. खाली चार ओळी इंग्रजी. मला इंग्रजी येतं असा शेठजींचा समज होता आणि तो खोडून काढण्याचा मोकळेपणा माझ्यात नव्हता. मी घाम पुसत पुसत अर्थ लावला. ही लष्करातली निवडक तुकडी. लढायला नाही, लोकांना कसरती दाखवायला उडते. तिन्ही विमानं बांधलेल्या दोरीसकट वर जातात, कोलांटी घेतात, पुन्हा उतरतात, आणि दोरी तुटत नाही. बाजूचे दोघे वैमानिक आभाळ बघत नाहीत, जमीन बघत नाहीत, फक्त मधल्या विमानाकडे बघतात.

शेठजींनी चष्मा काढला. "लष्करातली, आणि मारत नाहीत?"

"कसरत करतात फक्त."

"आणि मधल्यावर नजर."

तो दिवस आणि पुढची सगळी वर्षं. विमानं तीन-तीनच्या संचाने होऊ लागली, पंखाला पंख दोऱ्याने बांधून बैठकीच्या तुळईला टांगली जाऊ लागली, आणि 'मधल्यावर नजर' हे शेठजींचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध झालं. गिऱ्हाईक भांडलं, मधल्यावर नजर. रेंजरसाहेब माझ्यावर ओरडले, मधल्यावर नजर. एकदा चिडून मी विचारलं, "शेठजी, आपल्यात मधला कोण ते तर सांगा." ते म्हणाले, "ते ज्याचं त्याला कळतं." मला काही कळलं नाही. माझा स्वभाव मुळात चहूकडे नजर ठेवण्याचा. डेपोचं कुलूप लावल्यावर मी परत जाऊन ते ओढून बघे, आणि घरी येऊन ते ओढून बघितलं होतं का याची काळजी करे.

माझ्या नोकरीचं कामही काळजीचंच. चोरटं लाकूड पकडलं की ते जप्त होऊन डेपोत येई. त्याच्यासोबत कुऱ्हाडी, करवती, कधी अख्खी बैलगाडी. तो मुद्देमाल सांभाळायचा मी. मुद्देमाल सोडायचा हुकूम वरून यायचा असतो, आणि तो येत नसतो. माझ्या ताब्यातल्या गाड्यांना वाळवी लागून त्यांची माती झाली, तरी त्या मातीचा ताबा माझ्याकडेच होता.

असं असताना लढाई सुरू झाली. आधी ती लांब होती, मग जपान ब्रह्मदेशात आला आणि ती वर्तमानपत्रातून गावात उतरली. त्यात बेचाळीसचा पावसाळा. कुठे तारा तुटत होत्या, कुठे रूळ उखडत होते, आणि नवापूर तर गायकवाडी हद्दीला लागून, त्यामुळे पलीकडून येणारा प्रत्येक माणूस पोलिसांना संशयित वाटत होता. एक नवे फौजदार आले. साताऱ्याकडचे, भरदार मिशांचे. चहावाल्याच्या दुकानात त्यांनी सहज विचारलं म्हणे, की बाजारातल्या कुठल्या शेठच्या घरात लढाऊ विमानं टांगलेली आहेत?

ते ऐकल्यापासून माझं अन्न गोड लागेना. ज्या घरात सरकारी नोकर राहतो त्या घरात, लढाईच्या दिवसांत, सरकारच्या लष्कराची नऊ विमानं टांगलेली! पंखांच्या मापासकट! शेठजींना धरतील, आणि शेठजींच्या डोक्यावर, म्हणजे अक्षरशः त्यांच्या माडीवर, मी राहतो. मी धावत खाली गेलो.

"शेठजी, विमानं बंबात घाला. आत्ता. मी पेटवतो."

शेठजी तुळईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाबूजी, ही माझी आहेत म्हणून नाय म्हणत. तुमची नोकरी जात असेल तर ही विमानं काय, कागद आहे. पण चौमासा चालू आहे. आत जीव असतील. तसं नाय जाळता येणार."

"मग?"

"एकेक ठोकून, झाडून बघू. रिकामं झालं की तुमचं."

आणि आम्ही बसलो. बाहेर पावसाची झड, आत आम्ही दोघे मांडी घालून. शेठजी एक विमान दोऱ्यासकट उतरवणार, कुंचली फिरवणार, ठोकणार, ऐकणार. एखादी चंदेरी कसर सुळकन बाहेर आली की तिला कागदावर घेऊन कोपऱ्यातल्या रद्दीत नेऊन सोडणार. ती पुन्हा विमानाकडे निघाली की पुन्हा उचलणार. मी दुसरं विमान ठोकत होतो ते अशा घाईने, की शेठजी म्हणाले, "बाबूजी, दार ठोकताय का? आतल्याला भीती वाटेल." आतल्याला! माझ्या आत काय चाललं होतं ते मी सांगू शकत नव्हतो. बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पह्यले पानी पी ल्या." तेवढ्यात दारात बूट वाजले.

फौजदार दोन शिपायांसह उंबऱ्यावर उभे होते. शेठाणी पुढे झाल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "साहेब, आत या, पण बूट बाहेर. चौमासा आहे, जीवजंतू चिरडतील." फौजदार गोंधळले. पण घरात आलेल्या पाहुण्याला जसं सांगावं तशा सहज सुरात त्या बोलल्या होत्या. फौजदारांनी बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तो त्यांनी दुसऱ्या पायाने झाकला, आणि चौकशी संपेपर्यंत झाकूनच ठेवला.

"ही काय भानगड आहे, शेठ?"

"विमानं आहेत, साहेब."

"ते दिसतंय. कुणाची?"

मी घशातल्या घशात म्हणत होतो, खेळणी म्हणा, पोरांची म्हणा, दिवाळीचा आकाशकंदील म्हणा. पण शेठजी खोटं बोलत नसत. दुकानातसुद्धा नाही, म्हणूनच त्यांचं दुकान बेताचंच चाले.

"सरकारी लष्कराची."

फौजदारांच्या मिशा थरथरल्या. "माप कुठून मिळालं?"

"चित्रावरून काढलं. पंखाची लांबी आणि माणसाची उंची, त्यावरून बाकीचं."

"आणि बंदुका? लढाऊ विमानाला बंदुका असतात. त्या कुठं आहेत?"

"त्या मी नाय लावल्या."

"म्हणजे कुठं लावतात ते तुम्हाला ठाऊक आहे."

"हां. इथे, पंख्याच्या मागे दोन," शेठजी उत्साहाने बोट ठेवून म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढे धुळ्याचा तुरुंग उभा राहिला.

"हे सगळं ठोकून काय बघताय?"

"आत कोणी आहे का ते."

शिपाई एकमेकांकडे बघू लागले. फौजदारांनी हळूच विचारलं, "आत कोण असणार?" आणि अगदी हाच प्रश्न मला पहिल्या दिवशी पडला होता हे आठवून, त्या भीतीतही, मला त्या माणसाविषयी माया वाटली. शेठजींनी त्यांना बसवलं, हिंगाचा वास अजून न गेलेला कागद दाखवला, दोरी दाखवली, मधल्याकडे नजर कशी ठेवायची ते दाखवलं. फौजदार ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडत गेला. मला तो चेहरा ओळखीचा वाटला, आरशातला होता. कागदाची विमानं धोक्याची आहेत का, असं धुळ्याला लिहून विचारावं तर साहेब हसणार. न विचारता सोडावी आणि उद्या काही निघालं, तर नोकरी जाणार. सरकारी माणूस अशा वेळी जे करतो तेच त्यांनी केलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली.

"तुम्ही जंगल खात्यात ना? मुद्देमाल तुमच्याकडेच असतो."

"होय साहेब," मी म्हणालो आणि बुडालो.

"मग ही जप्त केली असं समजा. नऊच्या नऊ. पुढचा हुकूम येईपर्यंत ताबा तुमचा. नुकसान झालं तर जबाबदारी तुमची. आणि प्रत्येकावर तुमच्या डेपोची खूण करा."

फौजदार बूट घालून गेले. जी विमानं मला तासाभरात जाळायची होती, ती आता मला जन्मभर जपायची होती.

लाकडावर आम्ही खुणेचा हातोडा मारतो. कागदावर तो मारता येत नाही, म्हणून सरकारी लाल शाई घेऊन मी बाटलीच्या बुचाने प्रत्येक पंखावर एकेक ठसठशीत लाल गोळा उठवला. शेठजी बाजूला उभे राहून बघत होते. "चित्रात पण पंखावर गोल आहे," ते म्हणाले. "रंग कळत नव्हता म्हणून मी काढला नव्हता." ते फार खूश झाले. मीही त्या दिवसांत पहिल्यांदाच जरा खूश झालो.

दुसऱ्या सोमवारी कचेरीच्या भिंतीवर शत्रूची विमानं ओळखण्याचा तक्ता लागला. मी तो वाचायला गेलो. जपानी विमानाची खूण : पंखावर लाल गोळा.

मी घरी कसा आलो ते मला आठवत नाही. सरकारची नऊ विमानं मी स्वतःच्या हाताने, सरकारी शाईने, जपानला देऊन टाकली होती. खूण पुसावी तर मुद्देमालाशी ढवळाढवळ. ठेवावी तर राजद्रोह. मी खोलीत फेऱ्या मारत हे दोन्ही गुन्हे बायकोला समजावून सांगत होतो. ती धुण्याला नीळ देत होती. तिने जप्त होऊन माडीवर आलेल्या विमानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कापसाचा बोळा निळीच्या पाण्यात बुडवला आणि लाल गोळ्याच्या भोवती थोडी कोरी जागा सोडून एक निळं कडं ओढलं. मग दुसरं. अठरा पंखांवर.

"खून पुसनी का? नही ना," ती म्हणाली. "तिले काठ लाया."

पुढे कधीतरी रद्दीत एक रंगीत चित्र आलं. सरकारी विमानावर मधे लाल, मग पांढरं, भोवती निळं. शेठजींनी ते चित्र माझ्या बायकोपुढे धरलं आणि माडीच्या पायरीवर उभे राहून तिला वाकून नमस्कार केला. मला कोणी केला नाही.

त्या जप्तीनंतर शेठजींचं वागणं बदललं. विमानं माझ्या ताब्यात, म्हणून माझ्या माडीवर. आणि शेठजी नियमाचे पक्के. दुपारी जिन्याखाली उभे राहून विचारत, "साहेब, हुकूम असेल तर वर येऊ? मधल्याचा पंख जरा सुटलाय." बाबूजीचा मी साहेब झालो तो असा. मी हो म्हटल्याशिवाय त्यांनी स्वतःच्याच विमानाला कधी बोट लावलं नाही. आणि मला तर उंदराच्या प्रत्येक खुडबुडीत माझी बडतर्फी ऐकू येई. एकदा ते सुरतेला गेले असताना एका विमानाची शेपटी खाल्ली गेली. मी वाट बघू शकलो नाही. बायकोने खळ शिजवली, मी पुठ्ठा कापला. तीन वेळा वाकडा झाला. शेठजी आले, त्यांनी विमान उजेडात धरलं आणि कितीतरी वेळ फिरवून पाहिलं.

"खळ कधीची?"

"सकाळची. उरलेली राखेत टाकली."

त्यांनी मान हलवली. "शेपटी वाकडी आहे," ते म्हणाले, "पण तुमची नजर मधल्यावर होती."

रेंजरसाहेबांनी माझ्या कामाबद्दल पुढे कधीतरी चांगला शेरा मारला, तो मला शब्दानेही आठवत नाही. हे वाक्य आठवतं.

मग माझी बदली झाली. सातपुड्यात, मोलगीच्या बाजूला. मी फौजदार कचेरीत जाऊन म्हटलं, आता तरी ताबा काढून घ्या. ते साताऱ्याकडचे फौजदार केव्हाच बदलून गेले होते. नवे म्हणाले, "आमच्याकडे जप्तीचा कागदच नाही. जे जप्त केलं नाही ते सोडणार कसं?" म्हणजे विमानं माझ्याबरोबर आली. मोटार डोंगराच्या पायथ्याशी थांबली. पुढे चढण, पायवाट. दोन हमाल मिळाले. त्यांनी एक लांब बांबू खांद्यांवर घेतला आणि त्याला विमानं टांगली.

"हे होळीला डोक्यावर घालायचं का?" त्यातल्या एकाने विचारलं. तो काठी गावचा होता. त्यांच्या होळीत डोक्यावर मोरपिसांचे आणि रंगीत कागदांचे उंच टोप घालून नाचतात. मी म्हटलं, हे सरकारी आहे. त्यावर त्याने बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतला.

खिंडीत वारा आला. खालून, दरीतून, एकदम. नऊही विमानं बांबूवरून उचलली गेली आणि आडवी झाली, तिरकी झाली, मधल्या तिघांनी एक गिरकी घेतली. मी "धरा, धरा!" ओरडत धावलो. बायको मागून येत होती. तिने माझा सदरा धरून मला थांबवलं. दोरे ताणले गेले होते, पण एकही तुटला नव्हता. वारा पडेपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो. शेठजींनी हे बघायला हवं होतं असं मला वाटलं. पण ते पायी प्रवास चौमाशात करत नसत, आणि पावसाळा सुरू झाला होता.

आम्ही मोलगीकडे असताना स्वराज्य आलं. त्या थंडीत नवापूरचा एक व्यापारी डिंक घ्यायला आला होता, त्याने बोलता बोलता सांगितलं की शेठजी दिवाळीनंतर गेले. दुपारी खिडकीशी बसले होते, तसेच. शेठाणी मारवाडात भावाकडे निघून गेल्या.

संध्याकाळी मी घरी येऊन आढ्याकडे बघत बसलो. विमानं लोंबत होती. जप्त करणारे फौजदार गेले, ज्या सरकारने जप्त केली ते सरकार गेलं, आणि मालकही गेला. सोडायचा हुकूम आता कोणी देणार नव्हतं, आणि हिशेबही कोणी विचारणार नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कसली काळजी उरली नव्हती, आणि मला ते मुळीच बरं वाटत नव्हतं. मी उगाच मोठ्याने, बायकोच्याच बोलीत म्हणालो, "चाला, सुटनूत एकदाना! बंबमा घाली देऊत." आणि स्टुलावर चढून मधल्या विमानाचा दोरा सोडायला लागलो. गाठ सुटेना.

बायको चुलीपुढे होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही.

"घालानं ते घाला," ती म्हणाली. "पन पह्यले एकेक ठोकीसन देखा, मझार कोनी व्हई. आन आज नको. दिन बुडी गया."